उघडा गुन्हेगार, दडलेला गुन्हा : युद्धकालीन मुंबई, वारली मुलूख आणि स्त्रीची शोधकथा

१

रहस्यकथेच्या संरचनेविषयी त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९६६ साली केलेली मांडणी आता सुपरिचित झाली आहे. प्रत्येक रहस्यकथेत दोन कथा नांदत असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली खरोखर घडलेली असते, पण संहितेत ती अनुपस्थित असते. दुसरी संहितेत सर्वत्र उपस्थित असते, पण पहिलीला प्रकट करण्यापलीकडे तिला स्वतःचे महत्त्व नसते. तपास पूर्ण झाला की दोन्ही कथा एकमेकींत मिसळतात आणि वाचक पुस्तक मिटतो.

या मांडणीच्या तळाशी एक गृहीत आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. गुन्हा हा गुन्हा आहे, याविषयी कथेतील पोलीस, शेजारी, साक्षीदार आणि कथेबाहेरचा वाचक या सर्वांचे आधीच एकमत झालेले असते. प्रेत सापडते त्या क्षणी ते खून झालेल्या माणसाचे प्रेत आहे हे सर्वांना मान्य असते. अज्ञात असतो तो केवळ गुन्हेगार. रहस्यकथेची सारी उत्कंठा या एका अज्ञातावर उभी असते.

जेथे हे एकमतच नाही, जेथे गुन्हेगार गावातील लहान मुलालाही ठाऊक आहे पण त्याचे कृत्य हा गुन्हा आहे असे कोणी म्हणत नाही, तेथे तपासकथेचे रूप काय होईल? आणि हा तपास करणारी व्यक्ती स्त्री असेल, तर शोधकाच्या भूमिकेत काय फरक पडेल? या प्रश्नांचा विचार करण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील मुंबई आणि तिच्या उत्तरेचा बोर्डी-डहाणू-तलासरी हा पट्टा एकत्र पाहणे उपयुक्त ठरते. या विचाराच्या केंद्रस्थानी गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा ग्रंथ आहे. १९७२ च्या साहित्य अकादमी पुरस्कारानंतर हा ग्रंथ आत्मकथन किंवा चळवळीचा इतिहास म्हणून वाचला गेला. तो शोधकथा म्हणूनही वाचता येतो, आणि तसा वाचल्यास रहस्यकथेच्या रूढ सिद्धान्ताची मर्यादा स्पष्ट होते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

मराठी रहस्यकथेचा बहराचा काळ आणि युद्धकाळ यांचा निकटचा संबंध आहे. बाबुराव अर्नाळकर (चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६–१९९६) यांच्या रहस्यकथांची अखंड मालिका चाळीसच्या दशकात सुरू झाली. या मालिकेला वाचक मिळाला तो ज्या शहरात, ते शहर स्वतःच रहस्यमय झालेले होते. रात्री दिवे झाकलेले, १९४३ पासून धान्य शिधापत्रिकेवर, काळ्या बाजाराचा सुळसुळाट, गोदीत येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांविषयी सक्तीचे मौन. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील सुमारे चौदाशे टन स्फोटकांचा स्फोट झाला. शेकडो माणसे मेली, वस्त्या जळाल्या, पण युद्धकालीन नियंत्रणामुळे वृत्तपत्रांना ही बातमी मोकळेपणाने देण्याची मुभा काही आठवड्यांनी मिळाली. सबंध शहराने कानांनी ऐकलेली आणि डोळ्यांनी पाहिलेली घटना अधिकृतपणे मात्र घडलेली नव्हती.

या अंधाऱ्या शहरात झुंजार, काळा पहाड, धनंजय हे नायक वावरले. शोध घेणे, पाठलाग करणे, वेषांतर करणे, अखेरीस उलगडा करणे ही सारी कामे पुरुषाकडे होती. इंग्लंडमध्ये याच सुमारास अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘एन ऑर एम?’ (१९४१) या कादंबरीत टपेन्स ही स्त्री युद्धकालीन हेरांचा माग काढताना दिसते. मुंबईत तशी व्यक्तिरेखा केंद्रस्थानी का येऊ शकली नाही, याचे उत्तर ‘स्त्रियांना घराबाहेर वाव नव्हता’ एवढ्यावर सोपवता येत नाही. युद्धकालीन मुंबईत स्त्रिया घराबाहेर होत्याच. फक्त तपासाच्या संदर्भात त्यांची जागा उलट बाजूला होती.

उषा मेहता यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झालेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र त्या आणि त्यांचे सहकारी जागा बदलत चालवत होते. पोलिसांनी त्यांचा माग काढला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यांना पकडले. दीर्घ चौकशीत त्या मौन राहिल्या आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. रहस्यकथेतील सर्व घटक येथे आहेत : गुप्त खोल्या, बदलते पत्ते, फितुरी, अटक, जबानी. पण वाचकाची सहानुभूती ज्या बाजूला असावयाची, ती बाजू येथे पकडली जाणाऱ्या स्त्रीची आहे. परकीय सत्तेच्या शहरात तपास ही सत्तेची कृती असते आणि मौन ही नैतिक कृती ठरते. अशा शहरात कायद्याच्या वतीने खुनाचा छडा लावणारी स्त्री वाचकाला सहजासहजी आपली वाटली नसती.

अलीकडे इंग्रजीत लिहिल्या गेलेल्या मुंबईच्या कादंबऱ्यांनी ही अडचण कशी ओलांडली आहे, हेही पाहण्यासारखे आहे. सुजाता मॅसी यांची पर्वीन मिस्त्री (२०१८) ही वकील १९२१ च्या मुंबईत तपास करते. वसीम खान यांची पोलीस निरीक्षक पर्सिस वाडिया (२०२०) १९४९ च्या शेवटच्या रात्री झालेल्या खुनाचा छडा लावते. एक पहिल्या महायुद्धानंतर, दुसरी स्वातंत्र्यानंतर. एकीच्या हाती वकिली आहे आणि तिची अशिले पडद्यातील विधवा आहेत. दुसरीचा गणवेश स्वतंत्र देशाचा आहे. या दोन काळांच्या मधली, १९४२ ते १९४५ ची मुंबई मात्र दोघींच्याही वाट्याला आलेली नाही. त्या वर्षांत स्त्रीने शोध घ्यायचा तर तो कोणाच्या वतीने, हा प्रश्न टाळता येत नव्हता. परुळेकर यांनी तो टाळला नाही, आणि त्याचे उत्तर त्यांना शहराबाहेर मिळाले.

३

मुंबईहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग डहाणू आणि घोलवड या स्थानकांवरून गुजरातकडे जातो. मार्गाच्या पश्चिमेला समुद्रकाठचे बोर्डी, चिकूच्या वाड्या, शाळा आणि सुशिक्षित वस्ती. पूर्वेला तलासरी आणि उंबरगावच्या बाजूचे रान, वारल्यांचे पाडे, जमीनदार-सावकारांची गवताची आणि भाताची मालकी. या रानातील गवत आणि लाकूड मुंबईला जात असे. म्हणजे शहर आणि रान ही दोन वेगळी जगे नव्हती. शहराचे ‘घटनास्थळ’ लोहमार्गाने या पाड्यांपर्यंत पसरलेले होते, फक्त शहराला ते दिसत नव्हते.

१९४५ हे वर्ष या पट्ट्याच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे आणि ती दोन्ही कारणे स्त्रियांच्या कार्याशी निगडित आहेत. त्या वर्षी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या कामात सामील झाल्या. हेच कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर विस्तारले. त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या कामासाठी वारली मुलखात शिरले. साहित्येतिहासात आणि सामाजिक इतिहासात या दोन कार्यांची नोंद बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत होते. शोधाच्या दृष्टीने त्यांची तुलना मात्र आवश्यक आहे.

माँटेसोरी पद्धतीचा पाया निरीक्षण हा आहे. मूल शाळेत येत नसेल तर ते का येत नाही, याचा शोध मुलाच्या अंगणात जाऊन घ्यावा लागतो. अंगणवाडीची आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठीच्या कुरणशाळेची कल्पना या निरीक्षणातून आली. येथे शोधकाचा प्रश्न ‘काय कमी आहे?’ असा आहे. परुळेकर यांचा प्रश्न वेगळा आहे : ‘हे कोणी केले, आणि याला काय म्हणायचे?’ पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून संस्था उभी राहते. दुसऱ्या प्रश्नातून आरोप उभा राहतो. दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते आणि दोहोंना रानातील पाड्यांपर्यंत जावे लागले. पण शोधकथेचे व्याकरण दुसऱ्या प्रश्नातच आहे.

४

गोदावरी परुळेकर या कायद्याच्या पदवीधर. भारत सेवक समाजाच्या मार्गाने त्या सार्वजनिक जीवनात आल्या, १९३८ च्या सुमारास मुंबईतील घरकामगारांच्या संघटनेत त्यांनी पुढाकार घेतला, पुढे कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. युद्धविरोधी कार्यामुळे १९४० ते १९४२ या काळात त्या तुरुंगात होत्या. १९४२ मध्ये पक्षाने युद्धाविषयीची भूमिका बदलली आणि त्याच्यावरील बंदी उठली. काँग्रेसच्या स्त्रिया भूमिगत किंवा बंदिवान असताना परुळेकर मोकळेपणाने हिंडू शकल्या, याचे हे कारण नजरेआड करता येत नाही. त्यांच्या शोधाला लाभलेले स्वातंत्र्य युद्धाच्या राजकारणातून आले होते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे भरलेल्या किसान परिषदेला काही वारली आले. तेथून परुळेकरांचे लक्ष उंबरगाव-डहाणूकडे वळले. त्यांच्यासमोर जे आले, त्यात गुप्त असे काहीच नव्हते. जमीनदाराने बोलावले की बिनमजुरीने राबायचे, ही वेठ. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपोटी नवराबायकोने धन्याकडे वर्षानुवर्षे गुलामासारखे राहायचे, ही लग्नगड्याची प्रथा. नकार दिला तर मार. हे सर्व उघड्यावर चालले होते. सरकारलाही ते ठाऊक होते, कारण १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आदिवासी मुलखासंबंधीच्या अहवालात वेठीची आणि मारहाणीची नोंद करून ठेवली होती. कायद्यातही ते होते : १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३७४ व्या कलमाने माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबवणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला होता.

गुन्हेगार माहीत, बळी माहीत, कायदा उपलब्ध, अहवाल फायलीत, आणि तरीही गुन्हा नाही. वेठीला सर्वजण रूढी म्हणत होते. तोदोरोव यांच्या भाषेत सांगायचे तर येथे पहिली कथा अनुपस्थित नव्हती. ती इतकी उपस्थित होती की कोणी तिला कथा मानत नव्हते. शोधकाचे काम दडलेल्या माणसाला उजेडात आणण्याचे उरले नाही. उजेडातील कृत्याला त्याचे नाव देण्याचे ते काम झाले.

पुराव्याच्या बाबतीत हा उलटेपणा अधिकच ठळक होतो. कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शेरलॉक होम्सचा तपास, मोरेल्लीची चित्रपरीक्षा आणि फ्रॉइडचे मनोविश्लेषण यांच्या मुळाशी खुणांवरून अनुमान करण्याची एकच पद्धत असल्याचे दाखवले. त्या संदर्भात त्यांनी बोटांच्या ठशांचा इतिहासही तपासला आहे. हा इतिहास वसाहतीतून सुरू होतो. बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ साली राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारपत्रावर त्याच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला, तो त्याने पुढे करार नाकारू नये म्हणून. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. त्यानंतर ठसा रहस्यकथेत शिरला आणि गुन्हेगाराला पकडून देणारी निर्विवाद खूण ठरला.

वारली पाड्यात मात्र ठसा आपल्या मूळ कामावरच राहिला. सावकाराच्या कागदावर उमटलेला अंगठा बळीला बांधून ठेवत होता. रहस्यकथेत ज्या खुणेवरून न्यायाची वाट सापडते, तीच खूण येथे अन्यायाचे साधन आहे. कागद वाचता न येणाऱ्याने दिलेली ती संमती आहे आणि न्यायालय तिलाच पुरावा मानते. म्हणून परुळेकर यांच्या तपासाला कागदावर विसंबता आले नाही. त्यांना बोललेल्या शब्दावर, म्हणजे साक्षीवर, विसंबावे लागले, आणि साक्ष मिळवण्यासाठी आधी भीती ओलांडावी लागली. पाड्यापाड्यांतून पायी फिरणे, झोपड्यांत राहणे, ऐकणे हा ग्रंथातील मोठा भाग कथनाच्या दृष्टीने तपासाचाच भाग आहे. रहस्यकथेतील साक्षीदार खोटे बोलतात म्हणून तपास लांबतो. येथे साक्षीदार बोलत नाहीत म्हणून तो लांबतो.

२३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे जमली. वेठ करायची नाही, बारा आणे रोजाशिवाय काम करायचे नाही, असे तेथे ठरले. रहस्यकथेच्या अखेरीस शोधक सर्व संबंधितांना दिवाणखान्यात एकत्र करून उलगडा सांगतो. झरीची सभा हे त्या प्रसंगाचे उलटे रूप आहे. उलगडा करणारे स्वतः बळी आहेत, आणि उलगड्याचा आशय असा की आजवर ज्याला चाल म्हटले तो अपराध होता.

५

२ सप्टेंबर १९४५ रोजी महायुद्ध अधिकृतपणे संपले. त्यानंतर ३८ दिवसांनी, १० ऑक्टोबर रोजी, तलवाडा येथे पोलिसांनी जमलेल्या वारल्यांवर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चार जण मारले गेले. वारली तेथे का जमले होते, हा या घटनेचा गाभा आहे. गोदूताई येणार आहेत, सर्वांनी जमावे, असा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला होता. निरोप खोटा होता. किसान सभेच्या मांडणीनुसार तो जमीनदारांच्या बाजूने पसरवला गेला, आणि त्याच वेळी वारली हल्ल्यासाठी जमत असल्याची खबर पोलिसांकडे पोहोचवण्यात आली.

या ठिकाणी ग्रंथ रूढ रहस्यकथेच्या सर्वांत जवळ येतो. खोटा निरोप, शोधक स्त्रीच्याच नावाचा केलेला वापर, प्रेते, आणि ‘हे कोणी घडवले?’ हा प्रश्न. येथे गुन्हेगार खरोखरच पडद्याआड आहे, कारण निरोपाला सही नसते आणि तोंडी शब्दाला ठसा नसतो. अक्षरज्ञान नसलेल्या समाजात विश्वासू व्यक्तीचे नाव हीच निरोपाची मुद्रा असते. परुळेकर यांनी महिनोन्‌महिने पाड्यांत फिरून जो विश्वास मिळवला, तोच विश्वास येथे शस्त्रासारखा वापरला गेला. शोधकाची ओळख गुन्ह्याचे साधन होते, ही कल्पना रहस्यकथेला अपरिचित नाही. पण तेथे ती कथानकातील कलाटणी असते. येथे तिची किंमत पाच माणसांनी दिली. तिचा भार लेखिकेला पंचवीस वर्षांनंतर निवेदन करताना पेलावा लागला.

या खुनांचा उलगडा न्यायालयाच्या निकालाने करून ग्रंथ थांबत नाही. त्याचे बळ तसल्या निकालावर अवलंबूनही नाही. पुढे परुळेकर यांना जिल्ह्याबाहेर राहण्याचे हुकूम निघाले, म्हणजे तपास करणारीच गुन्हेगारांच्या यादीत गेली. युद्धकालीन मुंबईत उषा मेहता ज्या बाजूला होत्या, त्याच बाजूला युद्ध संपताच परुळेकर येऊन ठेपल्या.

६

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला रणजित गुहा यांच्या ‘चंद्राज डेथ’ (१९८७) या निबंधाच्या आधारे घेता येईल. १८४९ मध्ये बीरभूम भागात गर्भपाताच्या प्रयत्नात मरण पावलेल्या चंद्रा नावाच्या बागदी स्त्रीच्या मृत्यूसंबंधीच्या जबान्या तपासून गुहा यांनी दाखवले की, कायद्याने त्या मृत्यूला खून म्हटले त्या क्षणी त्यातील नात्यांचे, दुःखाचे, स्त्रियांच्या परस्पर आधाराचे सर्व पदर पुसले गेले. घटनेला गुन्हा म्हणणे ही स्वतःच सत्तेची कृती असू शकते. तसे असेल तर वेठीला गुन्हा ठरवणारी शोधक स्त्रीही वारली जीवनाचे असेच सुलभीकरण करत नाही काय?

आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर असे की, गुहा यांच्या उदाहरणात नाव देणारी यंत्रणा न्यायालयाची आहे आणि जबानी देणाऱ्यांना त्या नावावर अधिकार नाही. झरीच्या सभेत अपराधाला नाव मिळाले ते जमलेल्यांच्या ठरावातून. कायद्याच्या पदवीधर असलेल्या लेखिकेने ३७४ व्या कलमाचा खटला उभा करण्याऐवजी सभेचा मार्ग धरला, हा निर्णय कथनाच्या दृष्टीनेही निर्णायक आहे. तथापि सभेचा ठराव वेठ आणि मजुरी यांविषयी बोलतो. पाड्यातील स्त्रीने सोसलेल्या अत्याचाराला स्वतंत्र कलम मिळणे ठरावाच्या भाषेत कठीण असते, ही उणीव मान्य करावी लागेल. निवेदनात मात्र त्या अत्याचाराला जागा मिळते. ठरावापेक्षा ग्रंथ अधिक ऐकतो.

दुसरा आक्षेप निवेदकाच्या अधिकाराविषयी आहे. पुण्यात वाढलेल्या, उच्चवर्णीय, उच्चशिक्षित स्त्रीच्या प्रमाण मराठीत वारल्यांची साक्ष आपल्यापर्यंत येते. होम्सच्या कथा वॉटसन सांगतो, त्यामुळे शोधक आणि निवेदक यांत अंतर राहते. येथे शोधक हीच निवेदक आहे आणि तिला तपासणारा दुसरा आवाज संहितेत नाही. शीर्षकातील जागा होणारा ‘माणूस’ नेमका कोण, हा प्रश्न म्हणून खुला राहतो. वारली आपल्या बळाविषयी जागे झाले, असा त्याचा सरळ अर्थ आहे. पण ज्याच्या नजरेला आजवर रूढी दिसत होती आणि आता गुन्हा दिसू लागला, असा शहरी वाचकही त्या शब्दात येतो. ग्रंथाच्या या दुसऱ्या अर्थाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

७

पालघर येथे जन्मलेल्या, मुंबईच्या रुपारेल महाविद्यालयात मराठी साहित्याचा अभ्यास केलेल्या रजनी पंडित यांनी १९९१ मध्ये स्वतःची गुप्तहेर संस्था सुरू केली. एका खुनाच्या तपासासाठी त्यांनी संशयित स्त्रीच्या घरी सहा महिने मोलकरीण म्हणून काम केल्याची हकिगत त्यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. मोलकरीण घरात सर्वत्र असते आणि कोणाला दिसत नाही, म्हणून हे वेषांतर यशस्वी होते. परुळेकर यांच्या सार्वजनिक जीवनातील आरंभीचे एक काम याच न दिसणाऱ्या घरकामगारांना एकत्र करण्याचे होते, हे येथे आठवणे अप्रस्तुत ठरणार नाही. एकीने त्या अदृश्यतेचा तपासासाठी उपयोग केला, दुसरीने ती अदृश्यता हाच तपासाचा विषय मानला.

स्त्री-शोधकाविषयीची चर्चा बहुधा पुरुषाच्या जागी स्त्री बसवली की संरचनेत काय बदलते, एवढ्यापुरती मर्यादित राहते. पर्वीन मिस्त्री आणि पर्सिस वाडिया यांच्या कादंबऱ्यांत शोधक बदलते, घरातील बंद दारे उघडतात, पण गुन्हा म्हणजे काय याविषयीचा करार बहुतांशी कायम राहतो. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाने त्या करारालाच हात घातला. गुन्हेगार कोण, या प्रश्नाआधी गुन्हा कोणता, हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार कोणाला आहे, यावर पुढचे सारे ठरते. स्वतंत्र भारताच्या संविधानाने २३ व्या अनुच्छेदाने वेठीला मनाई केली, १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. कायद्यात शब्द येणे आणि पाड्यातील माणसाने तो शब्द उच्चारणे, यांतील अंतर किती असू शकते ते १८६० आणि १९४५ या दोन सालांनी दाखवून दिले आहे. मराठी शोधकथेचा इतिहास लिहिताना अर्नाळकरांच्या अंधाऱ्या मुंबईबरोबरच, तेथून रेल्वेने काही तासांवर असलेल्या आणि भर उजेडात घडलेल्या या कथेला त्यात स्थान द्यावे लागेल.